‘झोप येत नाही म्हणून घेतो’ : प्रयोगशाळेतल्या नोकरीबद्दल विचारणाऱ्या मुलीस

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याकडची एक मुलगी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. झोप आणि व्यसन यांचा मेंदूच्या अंगानं अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायकाच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलंय. ती विचारते : तिथे दिवसभर नेमकं करतात काय? उंदीर मारावे लागतात का? रात्रपाळी असते का? घरचे म्हणतात, ‘बेवड्यायत बसाले एवढं शिकवलं काय?’ आणि अगदी शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहावं तशी एक ओळ : ‘माझे बाबा पितात. तिथे काम केलं तर त्यांच्यासाठी काही करता येईल का?’

मी या कामात वीसेक वर्षं आहे. मूळची वर्धा जिल्ह्यातली, समुद्रपूरकडच्या एका खेड्यातली. झोपेचं रेकॉर्डिंग करणारी तंत्रज्ञ म्हणून लागले, आता आमच्याकडचं माणसांचं रेकॉर्डिंग आणि गावांतलं काम मी बघते. तुला तूच म्हणते, राग मानू नकोस.

तू चार गोष्टी विचारल्यास, पण मला त्यात एकच दिसते, शेवटची. बाकीच्या तिच्या आडोशाला उभ्या आहेत. म्हणून तिचं उत्तर आधी. बाबांची दारू सोडवायची म्हणून ही नोकरी घेऊ नकोस. प्रयोगशाळा म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. आम्ही माणसाची झोप मोजतो, इलाज त्याचे डॉक्टर करतात. शिवाय आपल्याच घरच्या माणसाला आपल्या अभ्यासात घेणं आम्ही टाळतो. घरातल्या कुणासाठी तरी म्हणून या कामात आलेली काही पोरं मी पाहिली. त्यातली काही वर्षभरात मोडली, कारण खाटेवर झोपलेला प्रत्येक माणूस त्यांना बापच दिसायचा. काही टिकली, आणि त्यांच्याइतकं मन लावून काम करणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही. तू यातली कोणती, ते मला इथे बसून कसं कळणार? बाबांबद्दल मात्र खाली वेगळं लिहिलंय. नोकरी घे अथवा नको घेऊ, तेवढं वाच.

आता काम. पुष्कळसं तुला कोणत्या बाजूला घेतात यावर आहे. अशा ठिकाणी साधारण दोन दालनं असतात, एक प्राण्यांचं आणि एक माणसांचं. जाहिरातीत दोन्ही एका वाक्यात कोंबलेली असतात. दोन्हीकडचा दिवस इतका वेगळा की एकीकडची माणसं दुसरीकडच्यांना कॅन्टीनमध्येच भेटतात. मुलाखतीत पहिली चौकशी हीच कर.

आणि तिथे असतं कोण? वर मुख्य संशोधक, ज्यांचा अर्धा वेळ निधीचे अर्ज लिहिण्यात जातो. एखादा मनोविकारतज्ज्ञ. पीएच.डी. करणारी चार-पाच पोरं, ज्यांची स्वतःची झोप अभ्यासण्यासारखी झालेली असते. आकडेमोड बघणारा इंजिनिअर, ज्याला उंदराची किळस येते. समाजसेविका. प्राण्यांना खाऊपिऊ घालणारे मामा. आणि ड्रायव्हर. हसू नकोस. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, कुठल्या पानठेल्यावर संध्याकाळी कोण बसतं, हे तोंडपाठ आहे. आमचा एक अख्खा अभ्यास त्याच्या ओळखीवर पूर्ण झाला, शोधनिबंधात मात्र त्याचं नाव नाही.

झोप आणि व्यसन एका छताखाली का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मुलाखतीत तुला विचारतील. या दोन विषयांची गाठ पहिल्यापासूनचीच आहे. १९५३-५४ च्या सुमारास कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या होत्या. एका उंदराची तार ठरल्या जागी बसलीच नाही. ती बसवायची होती मेंदूला जागं ठेवणाऱ्या भागात, सरकली भलतीकडे. आणि तो उंदीर, जिथे विजेचा हलका झटका मिळायचा त्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊ लागला. पुढे उंदरांना दांडी दिली, तर ती दाबून दाबून ते स्वतःच झटके घेऊ लागले. मेंदूत सुखाची, ‘आणखी हवं’ची वाट असते, हे असं चुकलेल्या तारेतून कळलं. जागेपण शोधायला गेले नि हाताला चटक लागली.

दुसरी गोष्ट अलीकडची. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या थोड्याशा पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन बनवतात. १९९८ मध्ये ते दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. हे रसायन आपल्याला जागं ठेवतं, आणि एखाद्या गोष्टीमागे धावायलाही लावतं. या पेशी नष्ट झालेला माणूस दिवसाढवळ्या बसल्या बसल्या झोपतो, त्या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात. लॉस एंजेलिसमधली एक प्रयोगशाळा अशा रुग्णांचे, मृत्यूनंतर दान केलेले मेंदू निरोगी मेंदूंशी ताडून बघत होती. त्या ‘निरोगी’ मेंदूंपैकी एकात या पेशी भलत्याच जास्त निघाल्या. चौकशी केली तर तो माणूस हेरॉइनचा व्यसनी होता. मग त्यांनी तसे आणखी मेंदू तपासले आणि २०१८ मध्ये छापलं : हेरॉइन घेणाऱ्यांत या पेशी सरासरी ५४ टक्के जास्त. नशा सुटल्यावर माणूस रात्र रात्र तळमळतो त्यामागे एक कारण हेही असू शकतं. हे मी तुला एवढ्यासाठी सांगते की, ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत बसलेल्या माणसांच्या नजरेला आली. प्रकल्प सहायकाचं काम बरंचसं तसलंच असतं. मोजणं. एक आकडा वेगळा आला तर ‘माझंच चुकलं असेल’ म्हणून तो गिळून न टाकणं.

माणसांच्या बाजूची एक रात्र सांगते, म्हणजे रात्रपाळीचं उत्तर त्यातच येईल. माणूस संध्याकाळी सातच्या सुमारास येतो. जेवण, मग तासभर तारा लावणं. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेपानं मोजायचं, दहा-दहा, वीस-वीस टक्क्यांवर खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवरची कातडी खरखरीत जेलनं घासून तिथे इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतली वीज टिपणारं तारेचं टोक, बसवायचा. डोळ्यांच्या बाजूला दोन, हनुवटीला, पायांना, छातीला. प्रत्येक तारेचा रोध, म्हणजे वीज अडण्याचं माप, ५ किलोओहमच्या खाली आला पाहिजे. इथे आपल्या भागातली पहिली अडचण येते : तेल. आपली माणसं पाहुण्याकडे जायचं म्हटलं की डोकं चप्प चोपडून येतात, आणि तेलावर इलेक्ट्रोड ठरत नाही. सुरुवातीला मी रात्री नऊ वाजता बापुड्यांची डोकी धुवायला लावली आहेत. आता आदल्या दिवशी फोन करते, ‘काका, उद्या डोकं धुऊन या, तेल नका लावू.’ एक आजोबा त्यावर म्हणाले होते, ‘बिनतेलाचं तं मसनात नेतेत, पोरी.’

दिवा मालवला की आपण काचेपलीकडे किंवा शेजारच्या खोलीत. रात्रभर पडद्यावर रेषा चालतात. सकाळी त्या रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं : जागा, हलकी झोप, मधली, गाढ, की स्वप्नांची. आठ तासांचे ९६० तुकडे. आता संगणक कच्चं काम करून देतो, पण तो चुकतो, आणि व्यसनी माणसाच्या झोपेत जास्तच चुकतो, कारण तिच्यात सगळं मोडकं-तोडकं असतं. दोन शिकलेली माणसंही काही तुकड्यांवर भांडतातच, ते धरून चालायचं.

मे महिन्यातली एक चूक सांगते, माझीच. आम्ही काही रेकॉर्डिंग लोकांच्या घरीच करत होतो. बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत कूलर. एका माणसाची रात्र तपासताना मी खूश झाले. दारू सोडून दोन आठवडे झालेले आणि रात्रभर मोठमोठ्या, संथ लाटा! गाढ झोप म्हणजे अशाच संथ, उंच लाटा. सेकंदाला दोन किंवा त्याहून कमी. मी धडाधड ‘गाढ, गाढ’ अशी नावं दिली. आमच्या सरांनी पाहिलं आणि विचारलं, ‘कूलरचं पाणी किती वाजता संपलं?’ तो घाम होता. कपाळावर घाम आला की तारेखाली विजेचा प्रवाह हेलकावतो आणि पडद्यावर अगदी गाढ झोपेसारखा दिसतो. त्या बिचाऱ्याला रात्रभर झोप नव्हती. घरच्यांना विचारलं, तर बाराच्या पुढे कूलर कोरडाच फिरत होता. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर कूलरचा रकाना आहे : टाकी कितीला भरली, कितीला संपली. शिवाय घराला अर्थिंग आहे का, हाही. नाहीतर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण प्रत्येक रेषेवर स्वार होते.

असले रकाने तुझ्यासारख्यांना सुचतात. बाहेरून आलेल्या हुशार पोरांना सुचत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. दोन आठवडे मनगटावर बांधायचं घड्याळासारखं यंत्र असतं, ते हालचाल मोजतं, त्यावरून झोपेचा अंदाज घेतात. एका वर्षी हिवाळ्यात आमच्याकडे नवा आलेला मुलगा आकडे घेऊन आला : अमुक गावातल्या निम्म्या लोकांना तीव्र निद्रानाश, तोही एक आठवडा सोडून एक. त्याला वाटलं काहीतरी मोठं हाती लागलं. मी गावात फोन लावला. ‘माय, झोप कायची येते? या आठवड्यात लाइन राती येते.’ शेतीपंपाची थ्री-फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस वावरात. त्याशिवाय रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई. पीक उभं असेतो जागलीला जावंच लागतं, मचाणावर बसून डबे वाजवत रात्र काढायची. याला निद्रानाश म्हणायचं? झोप येत नाही आणि झोपू देत नाहीत, यात फरक आहे, आणि घड्याळाला तो कळत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि मला या कामातली खरी गोडी इथे वाटते. जागलीला जाणारा माणूस सोबत काय नेतो? टॉर्च, काठी, खर्रा. थंडी असली तर ‘थोडीशी’. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवतं, सुपारीतलं अ‍ॅरेकोलिनही तरतरी देतं. म्हणजे जागं राहायला खर्रा, आणि पहाटे घरी येऊन झोपायला दारू. हंगामभर हेच. हंगाम संपतो, सवय राहते. मग तो सांगतो, ‘झोप येत नाही म्हणून घेतो.’ तो खोटं बोलत नाही. आम्ही त्याला फक्त पुढचं विचारतो : किती वाजता घेता, आणि जाग किती वाजता येते?

हे विचारणंही शिकावं लागतं. रोजनिशी लिहायला दिली तर निम्म्या लोकांना घड्याळाची वेळ सांगताच येत नाही. आम्ही वेळा गावाच्या मापानं घेतो. शेवटची एसटी गेली तेव्हा जागे होता का? मालिका संपली तेव्हा? लाइन आली तेव्हा? कोंबडा आरवायच्या आधी उठलात की नंतर? दारूचं तर आणखी अवघड. माझा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. बंदीच्या जिल्ह्यात ‘पिता का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘छ्या!’ वर्धा नदी ओलांडली की तुझा यवतमाळ जिल्हा, तिथे दुकान उघडं. म्हणून आमची समाजसेविका विचारते, ‘नदीपलीकडे जाणं होते का?’ आणि माणूस हसतो. आम्ही पोलिसांचे कुणी नाही, नाव कुठे लिहीत नाही, फक्त क्रमांक लिहितो, हे पटायला दोन-तीन चकरा लागतात. संमतीपत्र वाचून दाखवावं लागतं, आणि माणूस प्यायलेला असला तर त्याची सही चालत नाही. फुंकर मारायच्या यंत्रात शून्य आलं पाहिजे. पण रोज सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्याच्या बाबतीत शून्य म्हणजे त्रास सुरू व्हायची वेळ. अशा माणसाला आपण अभ्यासासाठी थांबवून ठेवायचं नाही, आधी डॉक्टर. यावर आमच्याकडे वाद झालेत, माणूस हातचा गेला म्हणून पोरं हळहळलीत. मी त्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

एकदा एका घड्याळात रोज चौदा तास शांत झोप निघाली. यंत्र खुंटीला टांगलेलं होतं.

आता उंदीर. हो, मारावे लागतात. गोड करून सांगत नाही. उंदराच्या कवटीत छोटे स्क्रू आणि मानेच्या स्नायूत तारा बसवतात, भूल देऊन, आणि बरा व्हायला आठवडा तरी देतात. मग त्याच्या पिंजऱ्यात दोन बाटल्या : एक साधं पाणी, एक दारू मिसळलेलं. तो कोणती, किती आणि केव्हा पितो, आणि त्यानंतर कसा झोपतो, हे महिनोन्‌महिने नोंदवायचं. शेवटी मेंदू काढून त्याचे मिलिमीटरच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे पातळ काप घ्यायचे आणि पेशी मोजायच्या. केंद्राची देखरेख समिती असते, तिच्या नियमांखाली संस्थेची प्राणी नैतिकता समिती प्रत्येक प्रयोगाला आणि प्राण्यांच्या संख्येला मंजुरी देते. हे काम प्रशिक्षणाशिवाय कुणाला करू देत नाहीत. तरी ज्यांना रात्री तेच दिसत राहतं, त्यांनी ते करू नये. त्यात कमीपणा नाही. आमच्याकडे एक मुलगी महिनाभरात ‘मला जमणार नाही’ म्हणाली, आम्ही तिला माणसांकडे घेतलं, आज तुकडे ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. प्राण्यांचा भाग मी स्वतः फारसा केलेला नाही, म्हणून इथे जास्त बोलत नाही. एवढंच सांगते की, उंदीर रात्रीचा प्राणी, त्याची खोली बारा तास उजेड, बारा तास अंधार अशी घड्याळावर चालते. अंधाराच्या वेळी कुणी मोबाइलचा टॉर्च लावून डोकावलं की कित्येक दिवसांचं काम वाया. आमच्याकडे अशी एक घटना झालीये, आणि टॉर्च लावणारा साहेब होता, शिपाई नव्हे.

तर रात्रपाळी : प्राण्यांकडे कमी, माणसांकडे नक्की. आठवड्यातून दोन-तीन रात्री धरून चाल. मुलगी म्हणून तू विचारावंस असं : रात्री खोलीत दोन माणसं असतात ना? त्यातली एक बाई असते ना? सकाळी सात वाजता घरी सोडतात का? पुरुषाला तारा लावताना सोबत कोण? जिथे या प्रश्नांना लगेच, न चिडता उत्तर मिळतं ती जागा चांगली. ‘बघू ना, होऊन जाईल’ म्हणाले तर नको. रात्रपाळीनंतरची सुट्टी लेखी घे, कारण झोपेवर काम करणाऱ्यांनाच स्वतःची झोप आठवत नाही. आणि ‘बेवड्यांत बसणं’ म्हणशील, तर आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं त्या वेळी प्यायलेली नसतात, लाजलेली असतात. वीस वर्षांत मला सगळ्यात जास्त त्रास एका न पिणाऱ्या साहेबानं दिला. पगाराचं म्हणशील तर प्रकल्पाच्या मुदतीवर आणि तुझ्या नेट परीक्षेवर आहे. जेआरएफ, म्हणजे त्या परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. नसेल तर कमी. प्रकल्प संपला की नोकरी संपते, हे घरी आधीच सांगून ठेव.

आता बाबा.

ते किती वर्षांपासून, किती घेतात, सकाळी उठल्या उठल्या लागते का, हे तू लिहिलं नाहीस, आणि सगळं त्यावर आहे. म्हणून मी इलाज सांगत नाही. मी डॉक्टर नाही. झोपेच्या बाजूनं जे वीस वर्षं पडद्यावर पाहिलं ते सांगते.

एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यात निव्वळ अल्कोहोल साठ ग्रॅमच्या आसपास. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निपटतं. म्हणजे रात्री आठला घेतलेली दोन ते साडेचारच्या मध्ये उतरते. पहिल्या टप्प्यात माणूस गाढ झोपतो, दगडासारखा, पण स्वप्नांची झोप दबते. उतरायला लागली की दबलेलं सगळं उसळतं : घाम, छातीत धडधड, वाईट स्वप्नं, जाग. दोन-तीनला उठून अंगणात फिरणारा, पाणी पिणारा, खर्रा चघळणारा माणूस तू पाहिलाच असशील. त्याला वाटतं दारू कमी पडली. सकाळी थकवा, संध्याकाळी पुन्हा तीच. घोरतही असतील तर दारूनं घशाचे स्नायू सैल पडून श्वास अडकतो, ते डॉक्टरांना वेगळं सांग.

मेंदूही हिशेब ठेवतो. दारू म्हणजे मेंदूवर दाबलेला ब्रेक. रोज कुणी ब्रेक दाबत असेल तर मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर वाढवतो. एके दिवशी दारू एकदम बंद केली की गाडी उताराला, ब्रेक नाही. म्हणून एक गोष्ट कृपा करून घरात सगळ्यांना सांग : रोज भरपूर घेणाऱ्याला खोलीत कोंडून, शपथ घालून, देवाची माळ घालून एकाएकी बंद करायचं नाही. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस बरळतो, नसलेलं दिसतं, ताप-घाम येतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. गावात त्याला ‘लागिर झालं’ म्हणतात आणि दवाखान्याऐवजी भलतीकडे नेतात. थरथर सुरू झाली की सरळ जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज. तिथे औषध देऊन हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्व देतात. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर आहे.

समजा सुटली. मग घरच्यांची गाठ खऱ्या अवघड भागाशी पडते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. झोप लगेच परत येत नाही. आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. माणूस डोळे तारवटून बसलेला असतो आणि घरचे म्हणतात, ‘सोडली ना, मग आता कायचं?’ आम्ही ज्यांना पुढे वर्षभर भेटत राहिलो, त्यांच्यात पुन्हा घेणाऱ्यांनी मला बहुतेक वेळा हेच सांगितलं : ताई, चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. रागावून, सणावाराला किंवा मित्रांच्या आग्रहाला बळी पडून घेणारेही असतात, पण रात्रीच्या अडीच वाजता एकटा पडलेला माणूस जास्त धोक्यात असतो. अशा वेळी मेडिकलवरून झोपेची गोळी आणून देणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्यातल्या बऱ्याच गोळ्या मेंदूत दारूच्याच दारावर थाप मारतात, आणि वरून थोडी घेतली तर श्वास मंदावतो. गोळी द्यायची की नाही आणि कोणती, ते डॉक्टरच ठरवतील.

गोळीशिवायचं थोडं करता येतं. उठायची वेळ रोज एकच, रात्र कितीही वाईट गेली तरी. संध्याकाळी सातला ‘थकलो’ म्हणून आडवं व्हायचं नाही, दुपारीही नाही. झोप येईल तेव्हाच खाटेवर, नाही आली तर उठून ओसरीत बसायचं, लोळत राहायचं नाही. काळा चहा पाच वाजल्यानंतर बंद. आणि खर्रा, तो हमखास वाढतो. दारू सोडणारा दुप्पट खर्रा खातो आणि घरचे म्हणतात, ‘खाऊ दे, दारू तं सुटली.’ झोपायच्या आधीचा आणि रात्री उठून खाल्लेला, निदान हे दोन तरी सुटले तर बघा. हे सगळं तू एकटीनं रेटू नकोस. आई असेल, भाऊ असेल, गावातल्या आशाताई असतील. पहिले दोन आठवडे रात्री अडीचला त्यांच्याजवळ कुणीतरी जागं असावं, पाळी लावा. बोलायला विषय लागत नाही, सोबत बसलं तरी चालतं.

राहिली मुलाखत. त्यांनी विचारलं की या विषयात तुला का यायचंय, तर बाबांचं सांगायचं की नाही ते तुझ्यावर. सांगितलंस तर रडक्या आवाजात सांगू नकोस, दया दाखवून घेतलेल्या माणसाला पुढे अवघड जातं. त्यापेक्षा तुमच्या गावात रात्री लाइन कोणत्या वारी येते, जागलीला कोण जातं, पानठेला कितीला बंद होतो, हे सांग. त्यांना ते माहीत नसेल, आणि तुझी किंमत त्यांना तिथे कळेल.

आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावून जाऊ नकोस. आमच्याकडे तरी निवड झाली की त्याच दुपारी नव्या माणसाच्या डोक्यावरच इलेक्ट्रोड लावायला शिकवतात.